धर्मप्रांत बदलला, प्रार्थनामंदिर कोणाचें?

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अँग्लिकन पंथाच्या जगांत दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या गादीवर प्रथमच एका स्त्रीची, सेरा मुलाली यांची, निवड जाहीर झाली. आणि त्याच महिन्यांत गॅफकॉन नांवाच्या, मुख्यतः आफ्रिकेंतील चर्चांच्या बळावर उभ्या असलेल्या संघानें कँटरबरीचें पुढारीपण आपणांस मान्य नाहीं, खरा अँग्लिकन परिवार तो आपलाच, असें निवेदन प्रसिद्ध केलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, विलायतेच्या धर्मगादीचा हा तंटा. आपणांस त्याचें सोयरसुतक काय? परंतु वरच्या गाद्यांचें भांडण गांवोगांवच्या मंडळ्यांत उतरलें म्हणजे त्यास दिवाणी दाव्याचें रूप येतें, आणि तें रूप आम्हां भारतीयांच्या चांगलेंच ओळखीचें आहे. देवस्थानचे पंच फुटले, ज्ञातीच्या मंडळींत दोन तट पडले, मठाच्या गादीवर दोन वारस उभे राहिले, कीं पहिला प्रश्न धर्माचा निघतो आणि दुसरा किल्ल्यांचा. बहुधा दुसराच अधिक दिवस चालतो.

अँग्लिकन पंथाची रचना बिशपच्या अधिकारावर उभारलेली आहे. अमुक नदीपासून तमुक डोंगरापर्यंत एका बिशपचा धर्मप्रांत, आणि त्या प्रांतांतील प्रत्येक मंडळी त्याच्या हाताखालीं, असा हा मुलकी थाटाचा कारभार आहे. आमच्याकडे १८३७ सालीं मुंबईचा आणि १९२९ सालीं नाशिकचा धर्मप्रांत निर्माण झाला तो याच पद्धतीनें. वरून सीमा आंखली गेली, आणि मंडळ्या एका बिशपच्या दप्तरांतून दुसऱ्याच्या दप्तरांत गेल्या. त्यांत तंट्यास जागाच नव्हती. तालुक्याचा जिल्हा बदलला म्हणून कोणाचा वाडा त्याच्या हातचा जात नाहीं. पण मंडळीच जेव्हां उभी राहून म्हणते कीं, आम्हांस हा बिशप नको, आम्ही दुसऱ्या धर्मप्रांतांत जातों, आणि हें मंदिर, ही जमीन, हा निधि आम्ही बरोबर घेऊन जातों, तेव्हां प्रकरण मुळांतच निराळें होतें. अशा प्रकरणांपैकीं अमेरिकेंतील फॉल्स चर्चचें प्रकरण सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून आज तें वाचकांपुढें कांहींशा विस्तारानें मांडतों.

वॉशिंग्टन या राजधानीपासून जवळच, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनिया संस्थानांत फॉल्स चर्च नांवाचें एक लहानसें शहर आहे. शहरावरून चर्चचें नांव पडलेलें नसून चर्चवरून शहराचें पडलेलें आहे. मंडळी १७३२ सालापासूनची. आज उभें असलेलें विटांचें मंदिर जेम्स रेन यांनीं आंखलें व तें १७६९ सालीं पुरें झालें. अमेरिकेचे राष्ट्रपिते जॉर्ज वॉशिंग्टन हे त्या भागाच्या व्हेस्ट्रीचे, म्हणजे मंडळीच्या पंचसभेचे, सभासद होते. पुढें यादवी युद्धांत सैन्यानें याच मंदिराचा प्रथम दवाखाना केला आणि मग घोड्यांची पागा केली. इतकें सोसून उभ्या राहिलेल्या वास्तूविषयीं तेथील लोकांस काय वाटत असेल, हें सांगावयास नको.

२००३ सालीं न्यू हॅम्पशर येथील बिशपपदावर जीन रॉबिन्सन यांची निवड झाली. रॉबिन्सन हे दुसऱ्या पुरुषाबरोबर उघडपणें संसार करणारे गृहस्थ. एपिस्कोपल चर्च या अमेरिकेंतील अँग्लिकन संस्थेच्या महासभेनें निवडीस मंजुरी दिली, आणि व्हर्जिनियाचे बिशप पीटर ली यांनींही अनुकूल मत दिलें. फॉल्स चर्चच्या मंडळींत जुन्या मतांचे लोक बहुसंख्य होते. त्यांना हें शास्त्राविरुद्ध वाटलें. तीन वर्षें वादविवाद चालला, आणि १७ डिसेंबर २००६ रोजीं मतदानाचा निकाल जाहीर झाला: मतदारांपैकीं दहांतल्या नऊंहून अधिकांनीं एपिस्कोपल चर्च सोडावें असा कौल दिला. शेजारच्या फेअरफॅक्स गांवच्या ट्रूरो चर्चनेंही त्याच दिवशीं तोच निर्णय केला. दोन्ही मंडळ्या एका नव्या धर्मसंघांत गेल्या, आणि त्या संघाचें मूळ होतें नायजेरियांत! ट्रूरोचे माजी उपाध्याय मार्टिन मिन्स यांस त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नायजेरियाच्या चर्चनें बिशपपदाची दीक्षा दिली होती.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे. एके काळीं आफ्रिकन लोकांस धर्म शिकवावयास गोरे लोक जात; आतां अमेरिकेंतील सुखवस्तु गोऱ्या मंडळ्या धर्मरक्षणासाठीं आफ्रिकेंतील आर्चबिशपच्या छत्राखालीं जाऊन बसल्या. आम्हांसारख्या दीर्घकाळ परसत्तेखालीं राहिलेल्या राष्ट्राच्या लोकांस या दृश्याचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. सॅम्युअल अजयी क्राउदर हे लहानपणीं गुलाम म्हणून विकले गेलेले योरुबा गृहस्थ १८६४ सालीं पहिले आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाले. पण म्हातारपणीं, १८९० च्या सुमारास, ताज्या दमाच्या गोऱ्या मिशनऱ्यांनीं त्यांच्या कारभाराची चौकशी करून त्यांचे अधिकार काढून घेतले, आणि १८९१ सालीं ते वारल्यावर त्यांच्या जागीं युरोपियन बिशप नेमला गेला. आमच्या देशांतही पहिला भारतीय अँग्लिकन बिशप, दोर्णकलचे अझरय्या, व्हावयास १९१२ साल उजाडावें लागलें. क्राउदरांच्या देशानें आतां बिशप नेमून अमेरिकेस पाठवावा, ही काळाची परतफेड खरी.

मात्र कौतुकाच्या भरांत आम्ही आपला विवेक गहाण टाकूं इच्छित नाहीं. नायजेरियाचे तत्कालीन आर्चबिशप पीटर अकिनोला यांनीं समलिंगी लोकांविरुद्धच्या कडक कायद्याच्या मसुद्यास २००६ सालीं पाठिंबा दिला होता. अशा संबंधांस गुन्हा ठरविणारा कायदा नायजेरियास आणि आम्हांस एकाच इंग्रज धन्यानें दिला. आमच्याकडे तो १८६० च्या दंडसंहितेंत ३७७ व्या कलमाच्या रूपानें आला, आणि सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो रद्द व्हावयास २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. परक्यानें लादलेल्या कायद्यास स्वदेशी धर्माचा पोशाख चढवून मिरविणें यांत राष्ट्राभिमान कोणता, हें आम्हांस समजत नाहीं. रॉबिन्सन यांनीं आपलें जीवन लपविलें नाहीं, आणि त्यांच्या प्रांतांतील लोकांनीं तें ठाऊक असून त्यांस निवडलें. त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. म्हणून फॉल्स चर्चच्या बहुसंख्य मंडळीचें कारण आम्हांस पटत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. पण सोडून जाण्याचा हक्क कारणाच्या बरेवाईटपणावर अवलंबून असूं नये, हेंही आमचें तितकेंच ठाम मत आहे. आज आम्हांस न पटणाऱ्या कारणासाठीं जाणाऱ्यांची वाट अडविली, तर उद्यां सुधारणेसाठीं घराबाहेर पडणाऱ्याची वाट कोणत्या तोंडानें मोकळी करा म्हणणार?

शिवाय दूरच्या देशांतून बिशप आणण्यांत अमेरिकनांनीं कांहीं अपूर्व केलें असें नाहीं. स्वातंत्र्ययुद्धानंतर त्यांना स्वतःचा बिशप हवा होता. इंग्लंडांत दीक्षा घ्यावयाची तर राजनिष्ठेची शपथ आड येई. तेव्हां सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडांत अबर्डीनला गेले आणि १७८४ सालीं तेथील बिशपांकडून दीक्षा घेऊन आले. ज्या एपिस्कोपल चर्चनें २००६ सालीं नायजेरियाच्या बिशपविषयीं परप्रांतांत घुसखोरी म्हणून तक्रार केली, त्याचा जन्मही असाच आडवाटेनें झालेला आहे.

आतां दाव्याकडे वळूं. व्हर्जिनियांत यादवी युद्धानंतर १८६७ सालीं एक चमत्कारिक कायदा झाला होता. गुलामगिरी आणि युद्ध यांवरून उत्तरेचीं व दक्षिणेचीं चर्चें फुटलीं होतीं, आणि मंदिरांचे तंटे न्यायालयांपुढें येत होते. कायद्यानें सोपा उपाय काढला: चर्चमध्यें फूट पडली असेल, तर त्या मंडळीच्या अठरा वर्षांवरील सभासदांनीं बहुमतानें ठरवावें कीं आपण कोणत्या शाखेचे, न्यायालयानें तो कौल मान्य केला कीं मालमत्ता त्या शाखेची. फॉल्स चर्च, ट्रूरो आणि इतर मंडळ्यांनीं याच कायद्याचा आधार घेतला. फेअरफॅक्सच्या न्यायालयांत न्यायाधीश रँडी बेलोज यांनीं २००८ सालीं फूट पडली आहे असें ठरवून मंडळ्यांच्या बाजूनें निर्णय दिला. पण जून २०१० मध्यें व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. फूट पडली हें खरें, पण मंडळ्या ज्या शाखेंत गेल्या ती एपिस्कोपल चर्चमधून फुटलेली शाखा नव्हे, ती नायजेरियाच्या चर्चची शाखा. सबब १८६७ चा कायदा येथें लागूच होत नाहीं, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. म्हणजे ज्या छत्राचा आश्रय केला, त्याच छत्रानें कायद्याचें ऊन लागूं दिलें! प्रकरण परत खालीं आलें, आणि जानेवारी २०१२ मध्यें त्याच बेलोज यांनीं सामान्य मालकी-कायद्याच्या कसोटीवर धर्मप्रांताच्या बाजूनें निकाल दिला. आपलाच पहिला निर्णय उलटा लिहिण्याची पाळी न्यायाधीशावर क्वचित् येते. येते तेव्हां ती अशीच निमूटपणें पाळावी लागते. एप्रिल २०१३ मध्यें वरच्या न्यायालयानें पैशाच्या कांहीं बाबींत फेरफार करून मुख्य निकाल कायम केला, आणि मार्च २०१४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अपील ऐकण्याचें नाकारलें.

या साऱ्या काळांत माणसांचें काय चाललें होतें? २००६ च्या कौलानंतर जुन्या चर्चशीं एकनिष्ठ राहिलेली अल्पसंख्य मंडळी स्वतःच्या मंदिराबाहेर पडली. रस्त्यापलीकडे प्रेस्बिटेरियन पंथाचें मंदिर आहे. त्यांनीं आपलें सभागृह या लोकांस उपासनेसाठीं दिलें. पांच वर्षें हे लोक तेथें जमत, आणि समोर आपलें मंदिर पाहत. २०१२ च्या मे महिन्यांत पारडें फिरलें. आतां हजारोंची बहुसंख्य मंडळी बाहेर पडली आणि शाळांच्या सभागृहांतून उपासना करूं लागली. त्यांनीं स्वतःच्या पैशानें नवें मंदिर बांधून २०१९ सालीं त्यांत प्रवेश केला. त्यांचा धर्मप्रांतही मध्यंतरीं बदलला होता: उत्तर अमेरिकेंत २००९ सालीं निराळें अँग्लिकन चर्च स्थापन झालें, त्यांत २०११ सालीं मध्य-अटलांटिक नांवाचा नवा धर्मप्रांत निघाला, आणि फॉल्स चर्चची बाहेर पडलेली मंडळी त्यांत दाखल झाली.

निकाल न्याय्य झाला काय? आमच्या मतें बहुमताच्या कौलानें देवाची मालमत्ता फिरवितां येते, हें १८६७ च्या कायद्याचें तत्त्वच कच्चें आहे. एका आठवड्यांत हजर असलेल्या सभासदांचें बहुमत म्हणजे मंडळी नव्हे. ज्यांनीं १७६९ सालीं विटा रचल्या ते त्या मतदानास नव्हते, आणि पुढें येणारेही नव्हते. आमचें हिंदु धर्मशास्त्र या बाबतींत अधिक सावध आहे. भाऊ विभक्त झाले, शेतें वांटलीं, भांडीकुंडीं वांटलीं, तरी देव आणि देवाकडे लावून दिलेली मालमत्ता यांची वांटणी होत नाहीं. फार तर पूजेची पाळी लावून देतां येते. विभक्त होणाऱ्याचा हक्क अबाधित, पण तो देव उचलून घेऊन जाऊं शकत नाहीं. फॉल्स चर्चच्या बहुमतास आम्ही हेंच सांगितलें असतें.

पण इतक्यानें धर्मप्रांताची बाजू धुतल्या तांदळासारखी ठरत नाहीं. १९७९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जोन्स विरुद्ध वुल्फ या दाव्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, चर्चच्या मालकीचे तंटे न्यायालयांनीं धर्मतत्त्वांत न शिरतां, दस्तऐवज आणि सर्वसामान्य कायदा यांवरून सोडवावे; आणि चर्चांस हवें असल्यास त्यांनीं आपल्या नियमांत विश्वस्ततेची तरतूद लिहून ठेवावी. एपिस्कोपल चर्चच्या महासभेनें त्याच वर्षीं बिशप वॉल्टर डेनिस यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेला नियम केला: प्रत्येक मंडळीची मालमत्ता ही सबंध चर्च आणि धर्मप्रांत यांच्यासाठीं विश्वस्त म्हणून धारण केलेली समजावी. आम्ही वकिलीच्या धंद्यांत पुष्कळ गहाणखतें पाहिलीं, पण सावकारानें स्वतःच लिहून स्वतःच्याच पेटींत ठेवलेलें आणि ऋणकोची सही नसलेलें गहाणखत अद्याप पाहिलें नव्हतें. बचावाचा युक्तिवाद असा कीं, मंडळ्या त्या महासभेच्या घटक होत्या, नियमांखालीं राहिल्या, बिशपांकडून उपाध्याय घेतले, म्हणून नियम त्यांना बांधतो. यांत तथ्य आहे. व्हर्जिनियाच्या न्यायालयानेंही या दीर्घ वहिवाटीसच मुख्य आधार मानलें. आमचा आक्षेप नियमाच्या अस्तित्वास नाहीं, तो लिहिण्याच्या रीतीस आहे. ज्याचा हक्क कमी होतो त्याची स्वतंत्र, उघड संमति घेतली असती, तर पुढचीं पंधरा-वीस वर्षें वकिलांच्या घरीं दिवाळी झाली नसती.

आणि दिवाळी तरी कशी! नियम एकच, पण निकाल संस्थानागणिक निराळे. टेक्सासमध्यें फोर्ट वर्थचा सबंध धर्मप्रांतच २००८ सालीं चर्चबाहेर पडला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं बाहेर पडलेल्यांच्या बाजूनें निकाल दिला आणि तो कायम राहिला. दक्षिण कॅरोलिनांत २०१७ सालीं पांच न्यायाधीशांनीं पांच निरनिराळे अभिप्राय लिहिले. निकाल कोणता हें ठरविण्यासाठींच आणखी खटले लढावे लागले, आणि २०२२ सालीं त्याच न्यायालयास प्रत्येक मंडळीचे कागद स्वतंत्र तपासून कांहींस मंदिर देणें व कांहींकडून काढून घेणें भाग पडलें. एका गांवच्या विश्वस्तांनीं वीस वर्षांपूर्वीं ठरावांत एखादा शब्द घातला म्हणून त्यांचें मंदिर वांचलें, शेजारच्यांनीं घातला नाहीं म्हणून गेलें. यास कायदा म्हणतां येईल. न्याय म्हणावयास आमची लेखणी कचरते.

असल्या प्रसंगीं काय करावें याचा एक धडा ब्रिटनच्या इतिहासांत आहे, आणि त्याची एक कडी आमच्या मुंबईपर्यंत येऊन पोंचते. १८४३ सालीं स्कॉटलंडचें सरकारमान्य चर्च फुटलें आणि स्वतंत्र म्हणजे फ्री चर्च निघालें. बाहेर पडणाऱ्यांनीं मंदिरें, घरें, वेतनें सर्व मागें ठेवलीं. मुंबईंत डॉ. जॉन विल्सन हे १८३२ सालापासून शाळा चालवीत होते. त्यांनीं नव्या चर्चची बाजू घेतली, आणि म्हणून जुन्या चर्चच्या पैशानें उभी राहिलेली संस्थेची इमारत सोडून पुन्हां मांडामांड केली. आज विल्सन कॉलेज म्हणून जी संस्था आपण ओळखतों, तिच्या वाटचालींत हा सोडलेला उंबरठा आहे. विल्सनसाहेबांच्या धर्मांतराच्या उद्योगाशीं आमचें कधींच जमलें नाहीं; पण हक्क सोडून तत्त्व घेऊन जाणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्यास मान द्यावाच लागतो.

त्याच फ्री चर्चवर पुढें उलटा प्रसंग आला. १९०० सालीं त्याच्या प्रचंड बहुमतानें दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चशीं ऐक्य केलें. तीसांहूनही कमी धर्मोपदेशकांचा एक गट अलग राहिला आणि त्यानें दावा लावला. १९०४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, मूळ तत्त्वांशीं चिकटून राहिले ते हेच मूठभर लोक, सबब सारी मालमत्ता त्यांचीच. कॉलेजें, मंदिरें, निधि, सर्व! ज्यांच्याजवळ त्या मंदिरांत बसावयास माणसें नव्हतीं, त्यांच्या हातीं शेंकडों मंदिरें आलीं. कायद्याच्या तर्कशास्त्रानें काढलेलें हें उत्तर इतकें विपरीत होतें कीं, दुसऱ्याच वर्षीं, १९०५ सालीं, पार्लमेंटनें खास कायदा करून एक आयोग नेमला आणि मालमत्ता गरजेप्रमाणें वांटून दिली. अल्पसंख्यांस त्यांच्या उपासनेपुरतें मिळालें, बहुसंख्यांस त्यांचें परत मिळालें. मालक कोण हें न्यायालय सांगूं शकतें. फुटलेल्या घरांत कोणी कोठें रहावें, हें मालकीच्या कागदावरून ठरत नाहीं. त्यास आयोग हवा, पंच हवेत, नाहींतर उभयपक्षांची सुबुद्धि तरी हवी. ट्रूरोच्या मंडळीनें निकाल विरुद्ध गेल्यावर धर्मप्रांताशीं बोलणें सुरू ठेवलें. मालकी धर्मप्रांताची राहिली आणि वापर भाड्याशिवाय मंडळीस मिळाला. पुढें त्या दोघांनीं मिळून समेटाचें शिक्षण देणारी एक संस्थाही काढली. आमच्याकडील पाळीच्या पूजेचीच ही विलायती आवृत्ति म्हणावयाची. मग फॉल्स चर्चला हें कां साधूं नये? एका भिंतीच्या आंत सकाळीं एक आणि दुपारीं दुसरी मंडळी बसली असती, तर विटांस त्याचा भार झाला नसता.

आमच्या देशांत हा प्रश्न फुटीपेक्षां ऐक्याच्या वाटेनें अधिक आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास अँग्लिकनांसह सहा निरनिराळीं चर्चें एकत्र येऊन उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें, आणि मुंबई, नाशिक व नागपूर येथील अँग्लिकन मंडळ्या त्यांत गेल्या. ऐक्य स्तुत्य होतें. पण मालमत्तेच्या बाबतींत ठरावावर भिस्त ठेवण्यांत आली. गुजराथेंतील ब्रदरन चर्चचें प्रकरण याचें फळ आहे. ऐक्याचा ठराव झाला, पण कांहीं सभासदांनीं आमचें जुनें चर्च जिवंत आहे असा पक्ष घेतला, आणि तंटा तीनचार तपें चालून २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालास लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं नोंदलेला ट्रस्ट केवळ सभेच्या ठरावानें विसर्जित होत नाहीं, आणि त्याची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाहीं. त्यासाठीं कायद्यांत सांगितलेली रीत पाळली पाहिजे. व्हर्जिनियाचा अखेरचा निकालही त्याच वर्षींचा. तेथें फुटून जाणाऱ्यांनीं, येथें एक होणाऱ्यांनीं, एकच चूक केली: मनांतील निर्णय हाच कागदावरचा निर्णय असें समजलें.

म्हणून आमची सूचना केवळ ख्रिस्ती मंडळ्यांस नसून प्रत्येक देवस्थानास, वक्फास, समाजमंदिरास आणि ज्ञातीच्या वसतिगृहास आहे. घटना लिहितांना सभासद कसा दाखल करावा, चिटणीस कसा निवडावा, याला आपण पानेंच्या पानें खर्च करतों. मंडळी उद्यां दुभंगली तर इमारत कोणाच्या नांवें राहील, दुसऱ्या बाजूस वापराचा काय हक्क राहील, मुदत किती, आणि दोघांमध्यें पंच कोण, याला कोणी एक ओळ देत नाहीं. ती लिहिणें अपशकुनाचें वाटतें. लग्नाच्या मांडवांत काडीमोडीची भाषा बोलूं नये हें आम्हांसही कळतें. पण विश्वस्तपत्र हा लग्नाचा मांडव नव्हे. त्यांत ही ओळ सर्वांच्या सह्यांनीं, सलोखा असतांना लिहिली गेली पाहिजे. आणि जेथें ती नसेल तेथें १९०५ च्या स्कॉच कायद्याप्रमाणें गरज पाहून वापर ठरवून देणारा मध्यस्थ नेमण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांस स्पष्ट शब्दांत असावा, अशी आमची मागणी आहे. ज्या संस्थांच्या वार्षिक सभा येत्या महिन्यांत भरावयाच्या आहेत, त्यांनीं आपल्या विषयपत्रिकेवर हा विषय अवश्य घ्यावा.